बाण लागला त्याच्या खाली: नागपूरच्या गच्चीवरून नवे तारे शोधताना

आकाश बघायला सुरुवात करायची असेल तर एकच नक्षत्र धरा आणि वर्षभर ते सोडू नका. बहुतेक नवखे लोक पहिल्या रात्री फोनवर ॲप उतरवतात, ऐंशीच्या वर तारकासमूहांची नावं बघतात आणि चौथ्या दिवशी गच्चीवर जाणं बंद करतात. आकाश कंटाळवाणं नसतं. एकाच वेळी सगळं ओळखायला जातो तिथे गाडं अडतं.

हे नक्षत्र मृग असावं. शहराच्या उजेडातही ते दिसतं, लहान मुलालाही ओळखता येतं, आणि आत्ता या घडीला जिथे नवे तारे जन्माला येत आहेत अशी नुसत्या डोळ्यांना सहज सापडणारी जागा त्यातच आहे. शिवाय मृग दरवर्षी दिसेनासा होतो आणि परत येतो. कधी जाणार आणि कोणत्या पहाटे परत येणार हे आधी वहीत लिहून ठेवता येतं. मन खचलेलं असताना कुणी आकाशाकडे वळत असेल, तर त्याच्यासाठी हा भाग सगळ्यांत मोलाचा आहे. इथे आशा म्हणजे पुढच्या जुलैत स्वतः पडताळून पाहता येईल अशी गोष्ट.

एक खुलासा आधीच केलेला बरा. हे पत्रिकेतल्या ग्रहांबद्दल नाही. आणि मनावरचं ओझं इतकं असेल की आठवडेच्या आठवडे झोप नाही, जेवण नाही, तर गच्ची पुरेशी नाही. डॉक्टरांशी बोला, किंवा 14416 या टेली-मानसच्या क्रमांकावर फोन करा. आकाशदर्शन सोबत चालू राहू द्या.

आधी तिथी बघा, मग घड्याळ

घरातलं भिंतीवरचं कॅलेंडर हे या कामाचं पहिलं साधन. अंधार हवा असेल तर वद्य षष्ठीपासून शुद्ध तृतीयेपर्यंतच्या संध्याकाळी धरा. वद्य षष्ठीनंतर चंद्र उशिरा, साडेदहा-अकराच्या पुढे उगवतो आणि रोज साधारण पन्नास मिनिटं आणखी उशीर करतो. शुद्ध तृतीयेपर्यंतची कोर लवकर मावळते. पौर्णिमेला गच्चीवर जाऊन तारे शोधणारा माणूस हमखास निराश होऊन खाली येतो.

मुंबई-पुण्याच्या पंचांगातल्या किंवा वर्तमानपत्रातल्या उगवत्या-मावळत्या वेळा तशाच घेऊ नका. नागपूर 79 अंश पूर्व रेखांशावर आहे, म्हणजे मुंबईपेक्षा सहा अंश पूर्वेला. त्यामुळे इथे सूर्य, चंद्र, तारे सगळेच मुंबईपेक्षा साधारण पंचवीस मिनिटं आणि पुण्यापेक्षा वीस मिनिटं आधी उगवतात आणि मावळतात. कोर बघायची असेल तर एवढ्या फरकाने ती हातची जाते.

कोरीवरूनच सुरुवात करायला आम्ही सांगू, कारण तिला काहीच लागत नाही. अमावास्येनंतर बीजेच्या संध्याकाळी, सूर्य मावळल्यावर अर्ध्या तासाने, पश्चिम क्षितिज मोकळं दिसेल अशा ठिकाणी उभे राहा. फुटाळा तलावाच्या काठावरून मावळता सूर्य बघायला लोक जमतातच, तिथे आणखी अर्धा तास थांबायचं. भाऊबीजेला भाऊ नसलेल्या बायका ओवाळतात ती हीच कोर. तिच्याकडे नीट बघा: उजळलेल्या नखाएवढ्या कडेच्या आत बाकीचा चंद्रही राखाडी, पुसट दिसतो. तो उजेड पृथ्वीचा. आपल्या ढगांवरून आणि समुद्रांवरून परतलेला सूर्यप्रकाश चंद्रावर पडतो आणि तिथून पुन्हा आपल्या डोळ्यांत येतो.

मोसमाचं म्हणाल तर नागपुरात नोव्हेंबर ते फेब्रुवारी हे चार महिने सोन्यासारखे. मार्च-एप्रिलमध्ये धूळ वाढते. मे महिन्यात दिवसभर तापलेला स्लॅब रात्री दहापर्यंत उष्णता सोडत असतो आणि त्या हवेतून तारे थरथरताना दिसतात. कूलरमध्ये पाणी भरायला वर जाल तेव्हा दोन बादल्या गच्चीवरही मारा आणि तासाभराने या. पावसाळ्यात उघडीप मिळेल ती आपली.

डोळ्यांना वीस मिनिटं द्या

अंधाराला डोळे सरावायला वीस ते तीस मिनिटं लागतात. बाहुली लगेच मोठी होते, पण दृष्टिपटलातल्या अंधारात काम करणाऱ्या पेशींमधलं रंगद्रव्य पुन्हा साठायला वेळ लागतो. एकदा फोनचा पांढरा पडदा बघितला की सगळं पुन्हा पहिल्यापासून. म्हणून लाल उजेड वापरायचा, त्याने या पेशी फारशा बिथरत नाहीत. टॉर्चच्या तोंडावर लाल जिलेटिन कागदाच्या दोन घड्या रबराने बांधा. संक्रांतीचा उरलेला लाल पतंग असेल तर त्याचा कागदही चालतो, फक्त तीन-चार पदरी घ्या. टाकीवरचा शेजारचा दिवा डोळ्यांत येत असेल तर जागा बदलण्यापेक्षा दोरीवर एक जुनी चादर टाकून आडोसा करा. हा साधा उपाय आकाशात फार फरक पाडतो.

आकाश किती स्वच्छ आहे हे मोजायला कृत्तिका वापरा. त्या लहानशा पुंजक्यात सहा तारे मोजता आले तर रात्र उत्तम. तीन-चारच दिसले तर आज अंधुक गोष्टींच्या मागे लागू नका. पुंजका म्हणून नुसता धुरकट ठिपका दिसला तर चंद्र, धूळ किंवा दिवा यांपैकी काहीतरी आडवं येतंय.

उत्तर कुठे आहे ते हाताने मोजा

फोनमधल्या होकायंत्रावर गच्चीवर विसंबू नका. स्लॅबमधली सळई, लोखंडी कठडा आणि पाण्याच्या टाकीचा सांगाडा त्याची सुई फिरवतात. ध्रुव शोधा. आपल्याकडे ध्रुव क्षितिजापासून 21 अंशांवर असतो, कारण नागपूरचा अक्षांश तेवढाच आहे. हात पूर्ण लांब करा, अंगठा आणि करंगळी ताणून वीत करा, करंगळी क्षितिजाला टेकवा. अंगठ्याचं टोक जिथे येईल त्याच्या आसपास ध्रुव. मूठ धरली तर साधारण दहा अंश, म्हणजे दोन मुठी आणि थोडं वर.

ध्रुव सगळ्यांत तेजस्वी असेल या समजुतीने लोक भलताच तारा धरतात. तो मध्यम तेजाचा आहे, शहरातून तर जेमतेम दिसतो. खात्री करायची तर फेब्रुवारी ते जून सप्तर्षींचे पुलह आणि क्रतू (चौकोनाच्या शेपटीविरुद्ध कडेचे दोन तारे) जोडून ती रेघ पाचपट पुढे न्या. ऑक्टोबर ते जानेवारीच्या संध्याकाळी सप्तर्षी खाली असतात, तेव्हा शर्मिष्ठेचा इंग्रजी एम अक्षरासारखा आकार उत्तरेकडे शोधा.

आता मृग

डिसेंबरच्या मध्यात रात्री आठला तो पूर्वेकडे चढत असतो. जानेवारीच्या मध्यात त्याच वेळी आग्नेयेला बराच वर, फेब्रुवारीच्या मध्यात दक्षिणेला उंच, मार्चमध्ये नैर्ऋत्येकडे कललेला आणि एप्रिलच्या मध्यात पश्चिमेला. प्रत्येक तारा रोज चार मिनिटं आधी उगवतो, महिन्याला दोन तास. हा एक आकडा पाठ झाला की वर्षभराचं वेळापत्रक तुमच्या डोक्यात आलं.

एका रेघेत, सारख्या अंतरावरचे तीन तारे शोधा. हात लांब करून दोन बोटं आडवी धरली की तिन्ही झाकले जातात, एवढे ते जवळ आहेत. आपल्याकडच्या गोष्टीत हा व्याधाने मारलेला बाण, हरणात रुतलेला. भोवतीचे चार तारे म्हणजे हरणाचे पाय. चारांपैकी तांबूस दिसणारा काक्षी आणि समोरच्या कोपऱ्यातला निळसर पांढरा राजन्य. रंग कळत नसेल तर दोन्हींकडे आलटून-पालटून तीन-चार वेळा बघा, फरक उमटतो. बाणाची रेघ एका बाजूला वाढवली की व्याध, रात्रीच्या आकाशातला सगळ्यांत तेजस्वी तारा. दुसऱ्या बाजूला वाढवली की रोहिणी आणि तिच्याही पलीकडे कृत्तिका.

आता बाणाच्या खाली बघा. तिथे तीन पुसट ठिपक्यांची एक आखूड ओळ लटकलेली दिसेल. मधला ठिपका इतर दोघांसारखा टोकदार नाही, फुंकर मारलेल्या काचेसारखा जरा फिसकटलेला आहे. तोच मृगातला तेजोमेघ. बाण लागला त्याच्या खालीच नवे तारे जन्माला येत आहेत.

इथे नवखे हमखास चुकतात. 'खाली' हे फक्त मृग दक्षिणेला उंच असताना खरं. तो पूर्वेला उगवत असतो तेव्हा बाण जवळजवळ उभा असतो आणि ही ओळ त्याच्या उजवीकडे असते. पश्चिमेला मावळताना ती डावीकडे जाते. लक्षात ठेवायला सोपं: ती नेहमी बाणाच्या दक्षिणेला.

दिसत नसेल तर थेट रोखून बघू नका. नजर बाणाच्या टोकावर ठेवा आणि लक्ष त्या ओळीवर. दृष्टिपटलाच्या मध्यभागी रंग ओळखणाऱ्या पेशी असतात, त्यांना मंद उजेड पकडता येत नाही. अंधारातल्या पेशी कडेला असतात, म्हणून कडेच्या नजरेने ढग उमलल्यासारखा मोठा होतो. फोटोतला गुलाबी रंग मात्र दिसणार नाही. डोळ्याला तो राखाडीच, फार तर किंचित हिरवट दिसतो. कॅमेरा कित्येक मिनिटांचा प्रकाश साठवतो, डोळा क्षणभराचा. रंग नाही म्हणून खट्टू होऊ नका, या प्रकाशाला इथवर यायला साडेतेराशे वर्षांच्या आसपास लागली आहेत. तो निघाला तेव्हा रामटेकजवळच्या नगरधनला वाकाटकांचं राज्य संपून दीड-दोन शतकं झाली होती.

या ढगात घडतंय ते असं. वायू आणि धूळ स्वतःच्या वजनाने जागोजागी गोळा होते, दाबली जाते, तापते, आणि गाभा पुरेसा तापला की हायड्रोजनचं हेलियम व्हायला लागतं. तारा पेटला. त्यांतल्या काही मोठ्या, कोवळ्या ताऱ्यांचा प्रखर प्रकाश उरलेला ढग उजळवतो, म्हणून तो आपल्याला दिसतो. लहान दुर्बिणीतून मध्यभागी चौकोनात बसलेले चार तारे स्वच्छ दिसतात. 1990 च्या दशकात हबल दुर्बिणीला इथल्या तरुण ताऱ्यांभोवती धुळीच्या चकत्या सापडल्या. अशाच चकतीतून ग्रह घडतात.

वयाचा अंदाज यावा म्हणून आपला सूर्य 46 वर्षांचा गृहस्थ धरा, त्याचं खरं वय सुमारे 460 कोटी वर्षं. त्या हिशेबात तेजोमेघातले हे तारे साडेतीन दिवसांची बाळं आहेत. कृत्तिका वर्षाच्या. रोहिणीभोवतीचा इंग्रजी व्ही अक्षरासारखा पुंजका सहा-साडेसहा वर्षांचा (रोहिणी स्वतः त्यात नाही, ती अलीकडे आहे). आणि काक्षी? जेमतेम महिना-दीड महिन्याचा, पण आताच शेवटाकडे आलेला, कारण जड तारे आपलं इंधन भराभर जाळतात. असा तारा फुटतो तेव्हा त्याने घडवलेली मूलद्रव्यं पुन्हा ढगांत मिसळतात आणि पुढच्या ताऱ्यांच्या कामी येतात. आपल्या हाडांतलं कॅल्शियम असंच कुठल्यातरी जुन्या ताऱ्यातून आलेलं आहे.

काक्षीचं तेज मोजत राहणं हा नवख्यासाठी सुंदर अभ्यास आहे. 2019 च्या शेवटी तो मंद व्हायला लागला आणि फेब्रुवारी 2020 मध्ये इतका उतरला की नुसत्या डोळ्यांना फरक कळत होता. आता फुटणार अशी चर्चा झाली. प्रत्यक्षात त्यानेच बाहेर टाकलेला वायू थंड होऊन धूळ झाली होती आणि ती आपल्या बाजूला आडवी आली होती. काही महिन्यांत तेज परत आलं. तुम्ही दर पंधरा दिवसांनी त्याची तुलना रोहिणी आणि प्रश्वा (मृगाच्या पूर्वेचा तेजस्वी तारा) यांच्याशी करा: रोहिणीपेक्षा तेजस्वी आहे का, प्रश्वापेक्षा मंद आहे का, एवढंच लिहा. मात्र तिन्ही साधारण सारख्या उंचीवर असताना. क्षितिजाजवळचा तारा हवेमुळे नेहमीच मंद भासतो.

द्विनेत्री घ्या, दुर्बीण थांबू द्या

पहिले सहा महिने दुर्बीण विकत घेऊ नका. खोक्यावर 525 पट लिहिलेली, डुगडुगत्या तिपाईची स्वस्त दुर्बीण नव्या माणसाचा उत्साह मारते. भिंगाच्या व्यासाच्या मिलिमीटरला दुप्पट ही कामाची मर्यादा: 70 मिलिमीटरला 140 पट. त्यापुढे प्रतिमा मोठी होते पण चिखल दिसतो.

त्याऐवजी 7×50 किंवा 10×50 ची द्विनेत्री, म्हणजे बायनॉक्युलर, घ्या. पहिला आकडा किती पट, दुसरा भिंगाचा व्यास. 10×50 मध्ये बाण आणि खालची ओळ एकाच वेळी मावतात. जुळवणी अशी करायची: उजव्या भिंगावर टोपण ठेवा, दोन्ही डोळे उघडे, मधलं चाक फिरवून डाव्या डोळ्याला तारा टाचणीच्या टोकाएवढा होईपर्यंत आणा. मग टोपण डावीकडे आणि उजव्या डोळ्याजवळची कडी फिरवा. कडी कोणत्या खुणेवर थांबली ते लिहून ठेवा, ती पुन्हा हलवायची नाही. हात थरथरतो ही सगळ्यांचीच तक्रार. आरामखुर्चीत रेलून कोपरं छातीला टेकवा, किंवा कठड्यावर उशी ठेवून तिच्यावर द्विनेत्री टेका. डास पळवणारं मलम लावलेला हात भिंगाला लागू देऊ नका, आणि ओढणीने किंवा शर्टाच्या टोकाने भिंग पुसू नका. डिसेंबर-जानेवारीत पहाटे दव धरतं. ते पुसायचं नाही, घरात आणून टोपण न लावता वाळू द्यायचं. आणि सूर्याकडे ती कधीही रोखायची नाही.

आपल्या वर्षाचा तारा

वही करा. तारीख, वेळ, जागा, कृत्तिकेत मोजलेले तारे आणि दिसलेल्या गोष्टीचं एक ओबडधोबड चित्र, एवढं पुरे. त्या वहीच्या शेवटच्या पानावर ही अंतरं उतरवून घ्या, प्रकाशवर्षांत: व्याध साडेआठ, प्रश्वा साडेअकरा, श्रवण 17, अभिजित 25, स्वाती 37, ब्रह्महृदय 43, रोहिणी सुमारे 65, मघा 79. पंचविशीतल्या मुलीला आज दिसणारा अभिजितचा प्रकाश तिच्या जन्माच्या आसपास निघालेला आहे. घरातल्या आजोबांना मघा दाखवा. एखादं काम नव्याने सुरू केलं असेल, तर त्या दिवशी व्याधाहून निघालेला प्रकाश साडेआठ वर्षांनी पोचेल, ती तारीख आजच काढून ठेवा.

पेंचला एक रात्र

गच्चीवर मृग पक्का झाला की एकदा खरा अंधार बघायलाच हवा, आणि नागपूरकरांचं यात नशीब थोर आहे. महाराष्ट्रातल्या पेंच व्याघ्र प्रकल्पाला जानेवारी 2024 मध्ये भारतातलं पहिलं डार्क स्काय पार्क म्हणून मान्यता मिळाली. जबलपूर रस्त्याने मनसरच्या पुढे जाऊन सिल्लारीकडे वळायचं, नागपूरपासून साधारण सत्तर किलोमीटर. अमावास्येच्या अलीकडचा-पलीकडचा दिवस धरा, मुक्काम आधी ठरवा आणि रात्रीच्या कार्यक्रमासाठी वनविभागाकडे आधी चौकशी करा. रस्त्याच्या कडेला गाडी थांबवून उतरणं मुळीच नको, हे वाघाचं रान आहे. पायांत बूट, जमिनीवर बसायचं तर सतरंजीऐवजी घडीची खुर्ची, कारण विंचू. थंडीत उघड्यावर दोन तास बसायला घरी लागतं त्याच्या दुप्पट पांघरूण लागतं. तिथे पहिल्यांदा जाणारे गोंधळतात, कारण इतके तारे दिसतात की ओळखीचा मृगच त्यात हरवतो. अशा वेळी संध्याकाळचा संधिप्रकाश असतानाच जाऊन बसा. तेजस्वी तारे आधी दिसू लागतात, त्यांना धरून ठेवा, मग बाकीची गर्दी येऊ द्या.

शहरातून निघायला जमणारच नसेल तर रमण विज्ञान केंद्रातलं तारामंडल बघून या, दिशा आणि नावं बसायला त्याची चांगली मदत होते.

जाणं आणि परतणं

एप्रिल संपता संपता मृग रोज संध्याकाळी खाली खाली सरकतो. मेच्या दुसऱ्या आठवड्यात तो संधिप्रकाशात आणि धुळीत बुडतो. 25 मेला नवतपा लागतो म्हणजे सूर्य रोहिणी नक्षत्रात येतो, 7-8 जूनला मृग लागतो म्हणजे सूर्य मृगात येतो. शेतकरी मृगाचा पाऊस म्हणतो तेव्हा आकाशातला मृग भर दिवसा सूर्यासोबत डोक्यावर असतो, म्हणूनच दिसत नाही. तो कुठेही गेलेला नसतो.

शेवटच्या दर्शनाची तारीख वहीत लिहा. पश्चिमेला, सूर्य मावळून पाऊण तासाने, काक्षी दिसला की नाही एवढंच. त्याखाली लगेच पुढची नोंद आखून ठेवा: 15 जुलै, पहाटे 4.40, पूर्व क्षितिज, बाण उभा, ओळ उजवीकडे. त्या आठवड्यात ढगच असणार, तेव्हा गजर रोजचा लावा आणि उठून फक्त खिडकीतून बघा. चांदणी दिसली तरच गच्चीवर जायचं. ऑगस्टच्या मध्यापर्यंत त्याच वेळी मृग चांगला वर आलेला असतो आणि ढगांच्या एखाद्या फटीतून तो सापडतोच. सप्टेंबरच्या पहाटे मृगाच्या बऱ्याच खाली, दक्षिणेकडे, अगस्त्यही दिसू लागतो, पाऊस सरत आल्याची खूण. बाण दिसला की तारीख लिहा, कृत्तिकेतले तारे मोजा, आणि द्विनेत्री खालच्या ओळीकडे वळवा.